वाचकांचे प्रश्न : विभागाच्या पैशांचा हिशेब आमदार मंत्र्यांकडून कसा मागतात?

मागील अंकात राज्याच्या अर्थसंकल्पावरील लेख छापून आल्यानंतर बरीच पत्रे आली आणि त्यांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता. विभागांना दिलेल्या पैशांचे पुढे काय झाले हे मंत्र्यांना कोण विचारते, आणि विचारले तरी उत्तर खरोखर मिळते का, असे वाचकांनी विचारले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत. उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्र विधानमंडळाला धरून असून जेथे संसदेचा दाखला आवश्यक वाटला तेथे तो दिला आहे.

प्रश्न : बातम्यांत सभागृहाचे कामकाज पाहिले की घोषणाबाजीच जास्त दिसते. आमदाराने प्रश्न विचारला तर मंत्र्याला उत्तर देणे बंधनकारक असते का? तारांकित आणि अतारांकित प्रश्नांत नेमका फरक काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अध्यक्षांनी प्रश्न स्वीकृत केला की संबंधित मंत्र्याला त्याचे उत्तर द्यावेच लागते. ते समाधानकारक असलेच पाहिजे असे मात्र कोणताही नियम सांगत नाही. या दोन गोष्टींमध्ये जी जागा उरते, तिच्यातच प्रश्नोत्तरांचा सारा खेळ चालतो.

तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते, उपप्रश्नाची सोय त्यात नाही. याखेरीज तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबींसाठी अल्पसूचना प्रश्न असतो, आणि मिळालेल्या उत्तरातून आणखी खुलासा हवा असेल तर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. विधानसभेच्या नियम १०५ खालील लक्षवेधी सूचना आणि नियम २९३ खालील चर्चा ही आयुधे वेगळ्या जातीची आहेत. त्यांत मंत्र्याला निवेदन किंवा सविस्तर उत्तर द्यावे लागते, पण प्रश्नाइतकी नेमकी पकड तेथे बसत नाही, कारण बोलण्याचा पैस मोठा असतो आणि मोठ्या पैसात सोयीचे तेवढे बोलून बसण्याची मुभाही मोठी असते.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. प्रश्नोत्तरांच्या तासात तोंडी चर्चेला येणारे तारांकित प्रश्न अनेकदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्यांची पाळी येत नाही त्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर ठेवली जातात. म्हणून यादीत पहिल्या चार-पाचांत क्रमांक लागणे हे सदस्याच्या दृष्टीने अर्धे यश असते, आणि संसदेत हा क्रम चिठ्ठ्या टाकून म्हणजे बॅलटने ठरतो.

उपप्रश्नाचे मोल किती, हे इतिहासात डोकावले तर कळते. १८९२ च्या कायद्याने विधिपरिषदेतील सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा प्रथमच मिळाली, पण उपप्रश्नाची मुभा त्यात नव्हती. ती १९०९ च्या कायद्यानंतर आली आणि तीही मूळ प्रश्नकर्त्यापुरतीच. छापील प्रश्नाला कचेरीत बसून छापील उत्तर तयार करता येते, मात्र उत्तर ऐकून लगेच विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाला स्वतःच्या माहितीवर तोंड द्यावे लागते, हे त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी पुरते ओळखले होते. आजही मंत्र्याची खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला होते. त्या वेळी अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठ्या येऊ लागल्या की प्रश्न नेमक्या जागी लागला आहे असे खुशाल समजावे.

प्रश्न : आमच्या आमदारांच्या एका प्रश्नाला “हे खरे नाही” आणि “प्रश्न उद्भवत नाही” एवढेच उत्तर मिळाले. प्रत्यक्षात जे घडले ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मग मंत्री खोटे बोलले असे म्हणायचे का? (सेवानिवृत्त शिक्षिका, अकोला)

उत्तर : बहुधा तसे म्हणता येणार नाही, आणि हीच या प्रकारातली मेख आहे. विधानमंडळाच्या छापील यादीतील प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. “सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय” अशी सुरुवात होते आणि खाली क्रमांक घातलेले उपविभाग येतात. नमुन्यादाखल आम्ही बेतलेला एक प्रश्न पाहा :

“(१) अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाच्या यंत्रसामग्री खरेदीत मोठ्या प्रमाणावर गैरव्यवहार झाल्याचे माहे जूनमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय; (२) असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय; (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

आता पहिल्या उपविभागात किती गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत ते मोजून पाहा. खरेदी झाली, तीत गैरव्यवहार झाला, तो मोठ्या प्रमाणावर झाला, तो निदर्शनास आला आणि तो जूनमध्येच निदर्शनास आला. यांपैकी एक जरी गोष्ट कागदोपत्री जुळत नसेल, म्हणजे तक्रार जुलैच्या दोन तारखेला आलेली असेल किंवा “गैरव्यवहार” हा शब्द कोणत्याही अहवालात नसून तेथे “अनियमितता” लिहिलेले असेल, तर “(१) हे खरे नाही” हे उत्तर अक्षरशः बरोबर ठरते. पुढचे तिन्ही उपविभाग “असल्यास” या एका शब्दावर उभे असल्याने तेही कोसळतात आणि त्यांच्यापुढे “प्रश्न उद्भवत नाही” असे लिहिले जाते. मंत्री खोटे बोललेले नसतात आणि तालुक्याला काही कळलेलेही नसते.

हाच विषय असा विचारला असता तर काय झाले असते? सदर रुग्णालयाच्या यंत्रसामग्रीसाठी चालू वर्षात मूळ तरतूद किती होती. डिसेंबरअखेर त्यापैकी किती निधी वितरित झाला व प्रत्यक्ष खर्च किती झाला. यंत्रे कोणत्या दिनांकास प्राप्त झाली. त्यांपैकी आजमितीस किती वापरात आहेत व उर्वरित वापरात नसण्याची कारणे काय? येथे कोणताही उपविभाग दुसऱ्याच्या आधारावर उभा नाही, आरोपाचा एकही शब्द नाही आणि “हे खरे नाही” म्हणून मोकळे होण्यास जागाही नाही. आकडा द्यावाच लागतो. दिलेला आकडा कोषागाराच्या नोंदींशी ताडून पाहता येतो, त्यामुळे उत्तर तयार करणारा कक्ष अधिकारीही हात राखूनच लिहितो.

प्रश्न गाजावा असे वाटणारे सदस्य पहिल्या पद्धतीने लिहितात आणि उत्तर हवे असणारे दुसऱ्या. पहिल्या पद्धतीच्या प्रश्नाची बातमी प्रश्न विचारला त्याच दिवशी होते, दुसरीची झालीच तर उत्तर आल्यावर होते. याद्यांवरून नजर फिरवली तर पहिल्या पद्धतीचेच पीक जोमात दिसते, हे खेदाने नमूद करावे लागते.

उत्तरांच्या भाषेविषयी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. “हे अंशतः खरे आहे” असे उत्तर दिसले तर तेथे थांबून पुढचा मजकूर सावकाश वाचावा, कारण जे नाकारता आले नाही ते त्या “अंशतः”खाली दडलेले असते. “माहिती घेण्यात येत आहे” किंवा “कार्यवाही करण्यात येईल” या उत्तरांची नोंद मात्र पुढेही राहते. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले की नाही हे पाहण्यासाठी स्वतंत्र आश्वासन समिती असते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे आणि तेथे आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते. पूर्तता वेळेत होतेच असे नाही, पण वही उघडी राहते. आणि मंत्र्याने जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचे दिसले तर विशेषाधिकारभंगाची सूचना देता येते. अनवधानाने चूक झाली असेल तर मंत्री सभागृहात निवेदन करून ती दुरुस्त करू शकतात.

प्रश्न : एखाद्या विभागाचे काम पसंत नसेल तर आमदार त्या विभागाचा निधी कमी करू शकतात का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : संविधानाप्रमाणे करू शकतात. अनुच्छेद २०३ नुसार राज्याचा खर्च अनुदानाच्या मागण्यांच्या रूपाने विधानसभेपुढे येतो, आणि मागणी मंजूर करणे, नाकारणे किंवा तीतील रक्कम कमी करणे हे तिन्ही अधिकार सभेला आहेत. रक्कम वाढवण्याचा अधिकार मात्र नाही, कारण राज्यपालांच्या शिफारशीवाचून कोणतीही मागणी मांडता येत नाही. सगळाच खर्च मतास टाकला जातो असेही नव्हे. कर्जावरील व्याज, राज्यपालांची परिलब्धी, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन असा काही खर्च एकत्रित निधीवर, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीवर, “भारित” असतो. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. उरलेला तो “दत्तमत” खर्च. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात हे दोन्ही शब्द पानोपानी भेटतात.

मागणीला विरोध करण्याचे साधन म्हणजे कपात सूचना. संसदीय प्रथेत तिचे तीन प्रकार मानले जातात. विभागाचे धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयापर्यंत खाली आणावी असे सुचवले जाते. खर्च जास्त वाटत असेल तर ठरावीक रक्कम कमी करण्याची सूचना देता येते. आणि एखादी विशिष्ट तक्रार वेशीवर टांगायची असेल तर मागणीतून शंभर रुपये कमी करावेत अशी लाक्षणिक सूचना दिली जाते. हजारो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये कापण्याची सूचना वाचून नवख्या वाचकाला हसू येते, पण त्या शंभर रुपयांच्या निमित्ताने सदस्याला आपल्या मतदारसंघातील बंद पडलेली पाणीपुरवठा योजना थेट संबंधित मंत्र्यापुढे मांडता येते आणि मंत्र्याला त्या विषयाची दखल घ्यावी लागते.

या सूचना संमत मात्र होत नाहीत. मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, त्यामुळे कपात सूचना संमत होणे म्हणजे सरकारने सभेचा विश्वास गमावल्यासारखे मानले जाते. साहजिकच सत्ताधारी पक्षाचा आमदार, मग त्याला विभागाचा कारभार कितीही खटकत असो, कपातीच्या बाजूने मत देत नाही. दुसरी अडचण वेळेची आहे. मागण्यांवरील चर्चेचे दिवस ठरलेले असतात, आणि शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळी उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात. याला गिलोटिन म्हणतात. २०१८ मध्ये लोकसभेत केंद्राच्या सगळ्याच मागण्या अशा रीतीने, कोणत्याही मंत्रालयावर चर्चा न होता, मंजूर झाल्या होत्या.

येथे गोपाळ कृष्ण गोखले यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी केंद्रीय विधिपरिषदेत अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले तेव्हा सदस्यांना त्यावर मत देण्याचा अधिकारच नव्हता, फक्त बोलण्याचा होता. सरकारी तिजोरीतील शिल्लक ही रयतेच्या भरभराटीची खूण नसून रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जात असल्याची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून दाखवले. मिठावरील कर १९०३ मध्ये कमी झाला. त्याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे बरोबर होणार नाही, पण आकडे सरकारचे आणि निष्कर्ष मात्र सरकारला अडचणीचा, ही रीत त्यांनी घालून दिली. त्यांच्यापाशी मत नव्हते पण अभ्यास होता. आज मताचा अधिकार पुरेपूर आहे आणि मागण्या चर्चेविना मंजूर होतात.

प्रश्न : प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. मग मार्चमध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पाला अर्थ काय उरला? (लेखापाल, नाशिक)

उत्तर : वर्षाच्या मध्यात नवा खर्च उद्भवणे गैर नाही. अतिवृष्टीची मदत किंवा न्यायालयाच्या आदेशाने द्यावी लागणारी रक्कम मार्चमध्ये कोणाला दिसणार? अनुच्छेद २०५ मध्ये पुरवणी मागणीची तरतूद त्यासाठीच आहे. आक्षेपार्ह असते ती सवय. पावसाळी अधिवेशनात मुंबईला आणि हिवाळी अधिवेशनात नागपूरला पुरवणी मागण्यांचे जाडजूड पुस्तक येते, त्यावर फार तर दोन दिवस चर्चा होते, आणि ज्या विभागाने डिसेंबरमध्ये जादा रक्कम मागून घेतली तोच विभाग मार्चअखेर मूळ तरतुदीतलीही काही रक्कम न वापरता परत करतो. याला निधी प्रत्यार्पित करणे म्हणतात. पुरवणी तरतुदीची गरजच नव्हती, असे शेरे महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’च्या, राज्यविषयक अहवालांत वारंवार आढळतात.

आपण लेखापाल आहात, तेव्हा एक गोष्ट आपल्याला पटेल. मंत्र्याला तरतुदीचा आकडा विचारला तर तो छाती फुगवून सांगितला जातो, कारण तरतूद ही घोषणा असते. विचारायला हवेत ते पुढचे आकडे : सुधारित अंदाज किती, वितरित निधी किती, खर्च किती, पुनर्विनियोजनाने दुसऱ्या शीर्षाखाली वळवला किती आणि प्रत्यार्पित किती. हे पाच आकडे एका ओळीत मांडले की योजनेची खरी तब्येत कळते. अनुसूचित जाती किंवा आदिवासी उपयोजनेच्या निधीबाबत तर चौथा आकडा विचारल्याशिवाय सदस्याने खाली बसूच नये, असे आमचे मत आहे.

प्रश्न : विधान परिषदेचे आमदारही खर्चावर मतदान करतात का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. अनुदानाच्या मागण्यांवर मतदान करण्याचा अधिकार फक्त विधानसभेच्या २८८ सदस्यांना आहे. परिषदेचे ७८ सदस्य अर्थसंकल्पावर चर्चा करू शकतात आणि मंत्र्यांना सर्व प्रकारचे प्रश्न विचारू शकतात. धन विधेयक, म्हणजे कर व सरकारी खर्चाविषयीचे विधेयक, मात्र त्यांना १४ दिवसांत परत पाठवावेच लागते.

प्रश्न : पैसा खर्च होऊन गेल्यावर त्याचा जाब कोण विचारतो? लोकलेखा समितीपुढे मंत्र्यांना बोलावतात का? (निवृत्त अभियंता, नागपूर)

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर अनेकांना चकित करते. लोकलेखा समिती म्हणजे झालेल्या सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी सदस्यांची समिती. लोकसभेच्या नियमांनुसार ती मंत्र्यांना साक्षीसाठी बोलावत नाही, विभागाच्या सचिवांना बोलावते, आणि कोणताही मंत्री समितीचा सदस्य होऊ शकत नाही. कारण असे, की धोरण योग्य की अयोग्य हा वाद सभागृहात मंत्र्याशी घालायचा, आणि मंजूर झालेला पैसा मंजूर कामावरच, नियमाप्रमाणे व सुज्ञपणे खर्च झाला की नाही हे त्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला विचारायचे. ही विभागणी कागदावर नीटस असली तरी व्यवहारात तिचा फायदा दोन्ही बाजूंना मिळतो. मंत्री म्हणतात अंमलबजावणी प्रशासनाची, सचिव म्हणतात निर्णय शासनाचा.

समितीचे काम महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून चालते. अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्याच्या हिशेबावरील अहवाल राज्यपालांना सादर होतो आणि मग विधानमंडळापुढे ठेवला जातो. आपल्याकडे तो अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो, म्हणजे सदस्यांच्या हाती पडतो तेव्हा प्रश्न विचारायला सभागृह उरलेले नसते. पुढे समिती त्यातील परिच्छेद निवडते, विभागाकडून लेखी खुलासा मागवते, सचिवांची साक्ष घेते आणि शिफारशींसह अहवाल सादर करते. या साऱ्यात वर्षे जातात. तोवर संबंधित सचिव निवृत्त झालेले असतात आणि साक्षीला उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्याने ती फाइल समितीच्या पत्रामुळेच पहिल्यांदा उघडलेली असते. हा दोष माणसांचा कमी आणि कालक्रमाचा जास्त आहे.

तरीही समित्यांचे एक बलस्थान आहे, ते म्हणजे तेथे कॅमेरा नसतो. बंद दाराआड पक्षाचा आवेश उतरतो आणि सत्ताधारी सदस्यही सचिवांना सभागृहात कधी विचारणार नाहीत असे प्रश्न विचारतात. केंद्रात लोकलेखा समिती १९२१ पासून आहे आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत पाळला जातो. संसदेत १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्याही आहेत. अर्थसंकल्प मांडल्यावर सभागृहे काही काळ स्थगित राहतात आणि त्या काळात या समित्या प्रत्येक मंत्रालयाच्या मागण्या तपासतात. पैसा खर्च होण्याच्या आधी, शांतपणे, कागद पुढ्यात घेऊन प्रश्न विचारण्याची ही सोय आहे. गिलोटिनखाली गेलेल्या मागण्यांचीही निदान या समित्यांत तपासणी झालेली असते.

आपण अभियंता असल्याने एक जवळचे उदाहरण देतो. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत आधीच्या दशकातील सिंचित क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले, आणि त्या काळात सिंचनावर झालेला हजारो कोटींचा खर्च त्याच्या शेजारी ठेवून प्रश्न विचारले जाऊ लागले. त्यातून २०१२ च्या अखेरीस सरकारला सिंचनावरील श्वेतपत्रिका काढावी लागली. त्या ०.१ टक्क्याच्या मोजणीवरच पुढे वाद झाले आणि ते रास्तही असतील. येथे सांगायचे ते इतकेच, की सगळ्याची सुरुवात सरकारनेच छापलेल्या एका तक्त्यातून झाली.

प्रश्न : नुसत्या प्रश्नामुळे मंत्र्याला पद सोडावे लागले असे कधी घडले आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घडले आहे. १९५७ मध्ये, राष्ट्रीयीकरण होऊन जेमतेम वर्ष उलटलेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतल्याचा विषय लोकसभेतील प्रश्नोत्तरांतून पुढे आला. सरकारची पहिली उत्तरे मोघम होती. प्रश्न मात्र साधा होता : विमाधारकांचा पैसा या कंपन्यांत कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून गुंतवला? डिसेंबरमध्ये फिरोझ गांधी यांनी हा विषय सभागृहात सविस्तर मांडला. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई होते, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला, आयोगाने जाहीर सुनावण्या घेऊन काही आठवड्यांत अहवाल दिला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

याच आयुधाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचे छुप्या चित्रीकरणातून उघड झाल्यावर डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांना बडतर्फ करण्यात आले, त्यांपैकी १० लोकसभेचे आणि एक राज्यसभेचे. संसदीय प्रश्नाला बाजारात किंमत येते ती उगीच नाही. एका प्रश्नाने एखादी निविदा अडते आणि एखाद्या व्यवसायाचे नशीब फिरते, हे पैसे मोजणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

प्रश्न : आमच्या गावच्या रस्त्याचा निधी दोन वर्षे मंजूर आहे असेच ऐकतो आहोत. आमदारांमार्फत हा प्रश्न विचारून घ्यायचा तर काय करावे? (शेतकरी, जिल्हा बीड)

उत्तर : आमदारांकडे निवेदन घेऊन जाण्याआधी घरचा अभ्यास करावा. प्रथम रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे की जिल्हा परिषदेचा, यावर प्रश्न कोणत्या मंत्र्याकडे जाणार हे ठरते, आणि चुकीच्या विभागाला पाठवलेला प्रश्न हस्तांतरित होण्यातच अधिवेशन सरते. नंतर काम कोणत्या वर्षीच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागणीत धरले होते, प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेची आहे आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवला आहे, ही माहिती मिळवावी. रस्ते व पुलांच्या भांडवली खर्चाचे मुख्य लेखाशीर्ष ५०५४ आहे, देखभालीचे ३०५४. निधी दुरुस्तीच्या शीर्षाखाली असेल आणि आपण नव्या रस्त्याचे विचारत असाल, तर “हे खरे नाही” हे उत्तर ठरलेले आहे.

विभागनिहाय तरतूद, वितरण आणि खर्च यांचे आकडे वित्त विभागाच्या ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवर कोणालाही पाहता येतात, आणि पूर्वीच्या अधिवेशनांतील तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. आपल्याच रस्त्याविषयी याआधी कोणी विचारले होते का हे त्या याद्यांत शोधावे. जुने उत्तर सापडले, आणि त्यात “काम मार्चअखेर पूर्ण करण्यात येईल” असे लिहिलेले असले, तर नवा प्रश्न त्या उत्तराचा क्रमांक व दिनांक देऊनच लिहावा.

निवेदन एका पानाचे असावे. त्यात गावावर झालेल्या अन्यायाचे वर्णन कमी आणि तारखा जास्त असाव्यात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बरेच आधी द्याव्या लागतात, म्हणून ते अधिवेशनाच्या आठवड्यात नेऊन उपयोग नाही. हिवाळी अधिवेशनात प्रश्न यावा असे वाटत असेल तर दिवाळीच्या फराळाला आमदारांकडे जाताना तो कागद खिशात असू द्या.